शेजारची भेग

६ ऑक्टोबर, कोजागिरी

वरच्या खोलीत आजपासून पाहुणी. पावसानंतरची पहिलीच. नाव प्राजक्ता, पुण्याच्या कुठल्याशा संस्थेत भूकंपावर संशोधन करते. मी म्हटलं, बाई, तोंडवलीत लाटा आहेत, मासळी आहे, भूकंप काही मिळायचा नाही. तर म्हणाली, काकी, मिळत नाही म्हणूनच आले. घाटापलीकडे कोयनेच्या बाजूची जमीन किती सरकते ते मोजायचं, तर ताडून बघायला इकडे एक गप्प बसणारी जागा हवी असते. गप्प बसणारी जागा म्हणून कोणी माझं घर निवडेल असं वाटलं नव्हतं. ह्यांना एवढं हसू आलं की आटवलेलं दूध स्वतःच्याच सदऱ्यावर सांडलं. साठी उलटली तरी ह्या माणसाला हसताना पेला धरता येत नाही.

मुलगी मूळची फोंडाघाटची निघाली. मालवणी सगळी समजते, बोलते मात्र पुणेरी. बांगडा काटे काढून नीट खाल्ला, म्हणून माझ्या परीक्षेत पास.

८ ऑक्टोबर

तिच्या यंत्राला घट्ट कातळ पाहिजे आणि वर मोकळं आभाळ. अख्खा गाव फिरून तिने नेमका आमच्या परसामागचा कातळ पसंत केला. अर्धा आमचा, अर्धा दत्ताचा. दत्ताराम माझा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जात होता, म्हणून अजून एकेरीच. मधे चिऱ्यांचा गडगा, कमरेएवढा. नारळी पौर्णिमेपासून त्या गडग्यावरून एक शब्द इकडचा तिकडे गेलेला नाही.

झालं काय, तर रापणीचा नारळ समुद्राला सोडायचा मान थोरल्या घराचा, म्हणजे ह्यांचा. यंदा हे मागेच राहिले आणि दत्ताने पुढे होऊन नारळ सोडला. मी मथुरेला, म्हणजे माझ्या जावेला, एवढंच म्हटलं की मान घेतल्याने कोणी थोरला होत नाही. देवळासमोर म्हटलं, चार बायका उभ्या होत्या, पण म्हटलं ते खरंच होतं. ती एक अक्षर बोलली नाही. तो विषय तिथेच संपला.

आणि आठ दिवसांनी दत्ताने काय करावं? रापणीतले आपल्या घराचे तुकडे उसवले आणि घरी नेऊन ठेवले. रापण काही एका माणसाची नसते. प्रत्येक घराचा जाळ्याचा तुकडा, ते सगळे जोडून लांबच लांब जाळं होतं, होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन टोकांच्या दोऱ्या सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून ओढायच्या. मधलेच तुकडे गेल्यावर उरलेलं जाळं काय दाराला तोरण म्हणून लावायचं? त्या माणसाच्या डोक्यात अचानक काय शिरलं ते अजून कोणाला कळलेलं नाही.

प्राजक्ता त्यांची परवानगी मागायला गेली ती दुपार करून आली. परवानगी मिळाली. वर मथुरेने शिरवाळे आणि नारळाचा रस खायला घातला. शिरवाळ्यांचं मी विचारलं नव्हतं, तरी तिने दोनदा सांगितलं.

१२ ऑक्टोबर

देवळात रापणीच्या माणसांची बैठक झाली. होडी वाडीतल्या चंदनची, म्हणून तोच बोलला. त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत जाळं जोडलं नाही, तर ज्याने त्याने आपापला तुकडा न्यावा, होडी तो विकणार. हे घरी आले आणि जेवलेच नाहीत. ताटावर बसून भाताचे डोंगर करत राहिले.

आमच्या किनाऱ्याच्या ह्या बाजूला एवढी एकच रापण उरली आहे. मला ती मोडायला नको आहे. नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला सगळे पाहुण्यासारखं वागवायचे. एका सकाळी सासूने हात धरून दोरीला नेऊन उभं केलं. तळहात सोलून निघाले, पण त्या दिवसापासून मी इथली झाले. पाच वर्षांनी मथुरा आली, तर तिला मी तसंच नेलं होतं. आठवलं की डोळ्यांत पाणी येतं आणि मग तिचा रागही येतो.

१५ ऑक्टोबर

खोली झाडायला गेले तर भिंतीवर एक नकाशा. मधे रेघ आणि तिच्याभोवती लाल-निळ्या पाकळ्या, कोणीतरी जास्वंद चुरगळून ठेवल्यासारख्या. म्हटलं, आता तू मला हे समजावून सांगच.

ती म्हणाली, जमिनीत खोल भेगा असतात. दोन्ही अंगचे खडक एकमेकांना रेटत असतात, पण घट्ट अडकून बसलेले. ताण साठत जातो, साठत जातो आणि एक दिवस भेग सुटते, खडक सरकतात. तो भूकंप. मी म्हटलं, म्हणजे एकदाचं सगळं निघून जातं. त्या भेगेला फार बरं वाटत असेल. ती म्हणाली, तिला वाटतं काकी, पण शेजारणीचं काय? सुटलेल्या भेगेचा सगळा ताण हवेत जात नाही. थोडा आजूबाजूच्या भेगांवर जाऊन बसतो. नकाशात लाल आहे तिथे वाढतो, निळं आहे तिथे उलट कमी होतो.

मग लाल भागात लगेच भूकंप होतो का, असं मी विचारलं. तसं नाही म्हणे. जी भेग आधीच सुटायच्या बेतात असते तिला तेवढा धक्का पुरतो. कधी दुसऱ्या दिवशी, कधी किती वर्षांनी, ते कोणालाच सांगता येत नाही. आणि काही भेगा सगळं गिळून गप्प बसतात.

मी तिला म्हटलं, हे आमच्या रापणीच्या दोरीसारखं झालं. एकाने हात सोडला की त्याला सुटका, पण त्याचं ओझं पुढच्या-मागच्याच्या खांद्यात येतं. ती टुणकन उठून बसली. आजवर कोणी इतकं सोपं करून सांगितलं नाही म्हणाली. मला रापण दाखवा म्हणून मागे लागली. आता कुठली दाखवू?

१७ ऑक्टोबर

आज मथुरेला चांगली दिली. त्यांच्या माडाची झावळ नेमकी माझ्या वाळत घातलेल्या सुंगटांवर, म्हणजे कोलंबीवर, पडली. माड मुद्दाम झावळ टाकत नाही हे मलाही कळतं, पण माडाला बोलून काय उपयोग. गडग्याशी उभी राहून मनसोक्त तोंडसुख घेतलं. तिने सगळं ऐकलं, झावळ ओढून घेतली आणि आत गेली. किती मोकळं वाटलं म्हणून सांगू. दुपारी अशी झोप लागली की हे चहा करून प्याले तरी मला पत्ता नाही.

१८ ऑक्टोबर

वाडीला आज काय झालंय कळत नाही. सकाळीच दत्ताने चहा मागितला तर मथुरेने कप असा आपटला की आवाज माझ्या चुलीपर्यंत आला. तो तसाच उपाशी किनाऱ्यावर गेला आणि होडी आडवी का लावली म्हणून चंदनशी भांडला. चंदनने तो राग ह्यांच्यावर काढला, तुम्हा दोन भावांच्या पायी आमचं जाळं कुजतंय म्हणून. आणि हे घरी येऊन आमटीत मीठ नाही म्हणून ताट सरकवून उठले. मीठ होतं. मी स्वतः चाखून बघितलं. वड्याचं तेल वांग्यावर काढायची ह्या गावाला खोडच आहे. अख्ख्या वाडीत आज शांत डोक्याची मी एकटी.

प्राजक्ताला हे सांगितलं, तर तिने विचारलं की काकी, सुरुवात कुठून झाली? मी म्हटलं, कपापासून. आणि कपाच्या आधी? कपाच्या आधी काहीच नव्हतं, माझी सुंगटं तेवढी. ती माझ्याकडे बघत राहिली, मग खोकल्यासारखं करत पदर नसताना तोंडावर हात धरून वर पळाली. मुलीला गारवा बाधलेला दिसतो. सकाळी आल्याचा चहा द्यायला हवा.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

प्राजक्ता दिवाळीला फोंडाघाटला गेली आहे. जाताना माझ्या करंज्या नेल्या आणि मथुरेचे लाडूही. आमच्याकडून गडग्यापलीकडे काही गेलं नाही, पलीकडून आलं नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. करंज्या जास्तच झाल्या.

२६ ऑक्टोबर

आज यंत्र बसलं, आणि काय बसलं!

कातळाला भोक पाडायचं म्हणजे आधी देवाला गाऱ्हाणं घालायला हवं. जागेवाल्याला न विचारता इथे कोणी खुंटीसुद्धा ठोकत नाही. प्राजक्ताने स्वतःच नारळ आणून ठेवला होता. यंत्र म्हणजे खांबावर पालथी घातलेली बशी. चंदन आणि वाडीतले चार बाप्ये आले. गाऱ्हाणं ह्यांनी घालायचं, ते आमच्या घरात त्यांच्याकडेच आहे. दत्ताही गडग्यापलीकडे त्याच्या वाटणीच्या कातळावर हाताची घडी घालून उभा होता. त्याला बोलावलं नव्हतं. स्वतःच्या कातळावर उभं राहायला बोलावणं कशाला लागतं?

ह्यांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आणि सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या चेडवान ह्या कातळार यंत्र बसवूचा मनात आणल्यान हा, ता सुखरूप ऱ्हवां दी रे म्हाराजा."

सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा."

इथपर्यंत ठीक. पण ह्यांच्या तोंडात गाऱ्हाणं इतकं बसलेलं की एकदा गाडी सुटली की मधे थांबा नाही. चुकलामाकला पदरात घे झालं, इडापिडा दूर कर झालं, आणि मग जे दरवर्षी म्हणतात तेच आपसूक आलं.

"आणि आमच्या दोघांय भावांचे तुकडे एकाच रापणीत आसत, तेंका भरान मासळी दी रे म्हाराजा."

मी ह्यांच्या सदऱ्याचं टोक ओढलं, पण उशीर झाला होता. बाप्ये एकमेकांकडे बघायला लागले. व्हय म्हणावं की न म्हणावं? आणि तेवढ्यात गडग्यापलीकडून सगळ्यात मोठा आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"

दत्ताचेही डोळे मिटलेले. लहानपणापासून जिथे म्हणायचं तिथे तोंड उघडलं, डोकं मागून आलं. डोळे उघडले तर सगळे त्याच्याकडे बघतायत. कानापर्यंत लाल झाला. ह्यांच्या लक्षात आलं तेव्हा हेही तसेच. मग चंदनला हसू फुटलं, आणि त्याच्या मागून सगळ्यांना. मी इतकी हसले की गडग्यावर बसावं लागलं. देवासमोर म्हटलेलं कोण परत घेणार?

३० ऑक्टोबर

वाडीची हवा बदलली आहे. दत्ताने परवा चंदनला होडी वर ओढायला हात दिला. चंदन काल आमच्याकडे सौंदाळे मासे टाकून गेला, पैशाचं नावही नाही. हे आज आमटी दोनदा मागून जेवले, फक्कड झाली म्हणाले. खरं तर आज मीठ घालायचं मी विसरले होते.

पण जाळं काही जोडलं नाही. दत्ता तयार आहे म्हणे, तुकडे मात्र मथुरेच्या माजघरात, आणि ती नको म्हणते. का ते सांगत नाही. चंदन म्हणतो पौर्णिमा म्हणजे पौर्णिमा.

मी प्राजक्ताला सहज विचारलं, गप्प बसलेल्या भेगेवरचा ताण उतरवता येतो का. माणसाला जमिनीत ते जमत नाही म्हणाली. पण भेग कुठल्या बाजूला सरकते त्यावर सगळं असतं. तीच भेग उलट्या बाजूला सरकली असती, तर नकाशात लाल आहे तिथे निळं आलं असतं. मी म्हटलं, मग भेगेला एवढी अक्कल नको? ती परत खोकली. आल्याचा काही उपयोग झालेला नाही.

३ नोव्हेंबर

आज जेवणं झाल्यावर हे गुडघ्याला तेल चोळत बसले होते. मी आपली बडबडत होते की मथुरा अडून बसली आहे, परवा पौर्णिमा, हिच्यापायी रापण बुडणार. हे तेलाची वाटी खाली ठेवून एकदम म्हणाले,

"गो, त्या दिवशी माझो गुडघो धरललो. मीच दत्तूक सांगितलंय, नारळ तू सोड म्हणान."

मी म्हटलं, मग हे आत्ता सांगताय? तर म्हणे, तू देवळासमोर बोलून आलीस, मग कसं सांगायचं? घ्या! म्हणजे चूक ह्यांची. तीन महिने एक माणूस घरात तेल चोळतोय आणि बायकोला पत्ता नाही.

झोप आली नाही. ह्यांचं जाऊ दे, पण मथुरेला तर माहीत होतं ना? मग तिथल्या तिथे सांगायला काय झालं होतं? उद्या जाऊन सोक्षमोक्षच लावते.

४ नोव्हेंबर

भांडायलाच गेले होते, हे आधी लिहून ठेवते. गडगा चढूनच गेले, लांबून कोण जाईल. मथुरा पडवीत बसली होती, आणि मांडीवर जाळ्याचा तुकडा. दत्ताने उसवताना कडा फाडल्या होत्या, त्या ती एकटीच भरत होती. मला बघून तिने जाळं पदराखाली घेतलं. एवढं जाळं पदराखाली मावतं का?

मी दारातूनच विचारलं, की ह्यांनी सांगितलं म्हणून दत्ता गेला हे तुला ठाऊक होतं, मग माझ्या तोंडावर का नाही बोललीस. ती सुईकडेच बघत राहिली. मग म्हणाली,

"सांगितला असता, तर चार बायकांसमोर तुमका खाली बघूचा लागला असता, वयनी."

तिने घरी येऊन दत्तालाही काही सांगितलं नव्हतं. ती आठ दिवस रोज रात्री रडत राहिली, तेवढं त्याने बघितलं आणि एका सकाळी जाऊन जाळं उसवलं. आणि आता तो न्यायला तयार झाला तरी तिला वाटत होतं, की मी दारात आल्याशिवाय जाळं गेलं तर नुसते तुकडे जोडले जातील. मी तिथेच पायरीवर बसले.

मग तिची गाठ बघितली. मी म्हटलं, अगो, ह्या गाठीतून बांगडा काय, शार्क जाईल, आण इकडे. सुई हिसकावून घेतली. ती हसली. नंतर दोघी दोन टोकांनी भरत बसलो. तिने चहा केला, उरलेल्या लाडवांचा डबा काढला, चांगले झाले होते. शेवटची गाठ मारताना मी तिला सांगून टाकलं,

"येत्या नारळी पुनवेक नारळ दत्तूच सोडतलो. ह्यांचो गुडघो काय आता बरो होणा नाय."

तिने पदर डोळ्यांना लावला. मी काही विशेष बोलले नव्हते, गुडघ्याचंच बोलले होते. पण मला फार फार बरं वाटलं. त्या सुंगटांच्या दिवशी वाटलं होतं, त्याच्यापेक्षाही जास्त.

जाळं दत्ता आणि हे दोघांनी मिळून खांद्यावरून किनाऱ्यावर नेलं. हे लंगडत होते आणि दत्ता त्यांच्या पावलाने चालत होता. चंदनने दिवस असेपर्यंत तुकडे जोडून घेतले. प्राजक्ता मधेच येऊन माझ्या गळ्यात पडली. ह्या मुलीला कशाने काय होतं, मला कळत नाही.

५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

रापण लागली!

सकाळी चंदनने होडी घातली आणि जाळं सोडत मोठा वळसा घेऊन आला. वाडीतलं झाडून सगळं माणूस किनाऱ्यावर. एका दोरीला दत्ता, दुसरीला हे. गुडघ्याचं काय, असं विचारलं तर म्हणाले, आज गुडघो माझो नाय. आम्ही बायका ह्यांच्या दोरीला. पुढे मथुरा, मागे मी, माझ्यामागे प्राजक्ता, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. पहिल्या ओढीलाच ओरडली, काकी, हात सोलले. मी म्हटलं, आता तू इथली झालीस, ओढ.

जाळं जवळ येईल तसं जड होत गेलं. एक मोठी लाट परत फिरली आणि तिने सगळं जाळं मागे खेचलं. दोरी सपकन सरकली. मथुरेचे पाय वाळूत रुतले, हात निसटायला लागले.

"वयनी, माझो हात सुटता."

"सुटू दी," मी म्हटलं. "येऊ दी माझ्यार."

तिने हात सोडले आणि सगळं वजन माझ्या खांद्यात आलं. काय सांगू, दोन्ही हात खांद्यातून निघतात की काय असं झालं. पण धरून राहिले. मागे प्राजक्ताचं दात-ओठ खाणं ऐकू येत होतं. तेवढ्यात मथुरेने तळवे साडीला पुसले, परत दोरी पकडली आणि माझं ओझं अर्धं झालं. लाट गेली. सगळ्यांनी हाळी दिली आणि जाळं सरसर वर आलं.

बांगडा! चांदीसारखा, तडतड उडणारा, ढीगच्या ढीग. दत्ता आणि हे जाळ्यात गुडघाभर मासळीत उभे, एकमेकांच्या अंगावर बांगडे फेकतायत, दोन म्हातारे. दोरीला हात लावणाऱ्या प्रत्येकाला ओंजळभर मिळतात, तसे प्राजक्तालाही मिळाले. ती ते बांगडे हातात धरून रडतही होती आणि हसतही होती. चंदनने होडीला नवा रंग द्यायचं आत्ताच ठरवून टाकलं.

संध्याकाळी दोन्ही घरांची चूल आमच्याकडे. तिरफळं घालून मोठा टोप चढवला. प्राजक्ता यंत्र बघून आली आणि म्हणाली, सगळं छान चालू आहे, कातळ जिथल्या तिथे. मी म्हटलं, मग, तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना, इथे गप्प बसणारी जागा आहे म्हणून.

मथुरा शेजारीच बांगडे साफ करत होती. तिला एवढं हसू आलं की विळी बाजूला ठेवून तिने भिंतीला डोकं टेकलं. प्राजक्ता तिच्या मांडीवर पडून हसायला लागली, आणि ह्यांनी पेलाभर सोलकढी सदऱ्यावर सांडली. कशाला हसले कोण जाणे. पण मग मीही हसले.